हेलन केलर आणि तिला हात देणारी माणसे



संत मार्कच्या शुभवर्तमानात दोन चमत्कार लागोपाठच्या अध्यायांत आले आहेत. सातव्या अध्यायात लोक एका बहिऱ्या माणसाला येशूकडे आणतात आणि आठव्यात बेथसैदा गावच्या एका आंधळ्याला. दोघांनाही प्रभू गर्दीतून बाजूला नेतो. बहिऱ्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो. आंधळ्याला तर स्वतः हाताला धरून गावाबाहेर नेतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी आधी बोटांनी बोलायचे आणि ज्याला दिसत नाही त्याचा आधी हात धरायचा, हे प्रभूला कुणी सांगावे लागले नाही. पण एकाच माणसाला ऐकूही येत नसेल आणि दिसतही नसेल, तर त्याला गावात, घरात, देवळात सामावून कसे घ्यायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला हेलन केलरच्या चरित्राचा फार उपयोग झाला. हेलनचे नाव आपल्या मुलांना शाळेतच कळते. पण पाण्याच्या पंपाची गोष्ट सांगून झाली की आपण पुस्तक मिटतो. तेव्हा ती सात वर्षांची नव्हती आणि त्यानंतर ती ८१ वर्षे जगली. खरे शिकण्यासारखे त्या ८१ वर्षांत आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा राज्यात टस्कंबिया हे लहानसे गाव आहे. तिथे २७ जून १८८० रोजी हेलनचा जन्म झाला. वडील कॅप्टन आर्थर केलर यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले आणि पुढे वर्तमानपत्राचे संपादक झालेले. आईचे नाव केट. मूल १९ महिन्यांचे असताना जोराचा ताप आला. तो मेंदूज्वर असावा असे आजचे डॉक्टर म्हणतात. ताप उतरला तेव्हा घरच्यांनी देवाचे आभार मानले. मग काही दिवसांनी आईच्या लक्षात आले, की डोळ्यांसमोर हात नेला तरी मुलीची पापणी लवत नाही आणि घंटा वाजली तरी ती मान वळवत नाही.

पुढची पाच वर्षे हेलन घरात असून घराबाहेर होती. पाव हवा असला की ती कापण्याची आणि लोणी लावण्याची खूण करायची, आइस्क्रीम हवे असले की यंत्र फिरवल्यासारखे करून थंडीने कुडकुडून दाखवायची. अशा साठेक खुणा तिने स्वतःच तयार केल्या होत्या. या खुणा सगळ्यांत चांगल्या कुणाला कळत होत्या? स्वयंपाकिणीच्या मुलीला. मार्था नावाची ही कृष्णवर्णीय पोर तिच्याबरोबर पीठ मळायची, कोंबड्यांना दाणे घालायची, भांडायची. हेलनच्या चरित्रात मार्थाला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. आमच्या मते तिला अधिक जागा मिळायला हवी. मोठी माणसे हळहळत होती तेव्हा या मुलीने हेलनची भाषा शिकून घेतली होती.

पण साठ खुणांत माणूस किती मावणार? आपले म्हणणे पोचत नाही म्हणून हेलन लाथा झाडायची, वस्तू फोडायची. एकदा तिने आईलाच कोठीच्या खोलीत कोंडून घातले. अशा मुलीला संस्थेत टाका, असे सांगणारे नातेवाईक तिकडेही होते. आईने ऐकले नाही. लॉरा ब्रिजमन नावाच्या अंध-बधिर मुलीला बोस्टनच्या पर्किन्स शाळेत शिकवले गेले, हे तिने इंग्रज लेखक डिकन्सच्या प्रवासवर्णनात वाचले होते. त्या एका धाग्यावरून केलर कुटुंब आधी बाल्टिमोरच्या नेत्रतज्ज्ञाकडे, मग टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याकडे आणि शेवटी पर्किन्सपर्यंत पोचले. तिथून ३ मार्च १८८७ रोजी २० वर्षांची एक शिक्षिका टस्कंबियाला आली. तिचे नाव अ‍ॅन सलिव्हन.

अ‍ॅनविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ती आपल्यातली होती. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या गरीब कॅथलिक आईबापांची ती मुलगी. लहानपणीच खुपऱ्यांनी तिची दृष्टी जवळपास गेली. आई वारली, दारुड्या बापाने पोरांना सोडले. १८७६ साली तिला आणि धाकट्या भावाला ट्यूक्सबरीच्या सरकारी अनाथालयात भरती केले गेले. तिथे भाऊ काही महिन्यांतच गेला. त्या भयाण जागी फादर बार्बरा नावाचे एक धर्मगुरू येत असत. त्यांनी या पोरीला उचलून लोवेलच्या धर्मभगिनींच्या रुग्णालयात नेले आणि डोळ्यांची शस्त्रक्रिया करवली. ती फारशी यशस्वी झाली नाही. पुढे अ‍ॅन ख्रिस्तसभेपासून दूरच राहिली, हेही सांगितले पाहिजे. पण कुणीतरी आपला हात धरला होता, हे ज्याला माहीत असते त्याला दुसऱ्याचा हात धरता येतो, असे आम्हांला तिच्याकडे पाहून वाटते.

पर्किन्समध्ये अ‍ॅन ज्या घरात राहत असे तिथेच आता प्रौढ झालेली लॉरा ब्रिजमनही राहत होती. तिच्याशी बोलता यावे म्हणून अ‍ॅन एका हाताची लिपी शिकली. बोटांच्या ठराविक आकारांनी एकेक अक्षर समोरच्याच्या तळहातात काढायचे. या लिपीचा इतिहास आपल्याला जवळचा आहे. ही अक्षरे छापील रूपात आपल्याला प्रथम दिसतात ती स्पेनमधल्या एका फ्रान्सिस्कन संन्याशाच्या पुस्तकात. मेलचोर दे येब्रा हे त्यांचे नाव. पुस्तक १५९३ साली निघाले. आजारी आणि मरणोन्मुख माणसांच्या सेवेसाठी ते लिहिले होते. वाचा गेलेल्या माणसालाही शेवटच्या घटकेला आपल्या धर्मगुरूशी बोलता यावे, हा त्यातल्या लिपीचा हेतू. स्पेनहून ती पॅरिसला गेली, तिथे आबे दे लेपे या धर्मगुरूंच्या बधिरांच्या शाळेत रुजली, १८१६ साली त्या शाळेचा एक बधिर शिक्षक अमेरिकेला गेला आणि त्याच्याबरोबर तीही गेली. मरणाऱ्यांसाठी छापलेली अक्षरे एका सहा वर्षांच्या मुलीच्या तळहातावर उमटली ती अशी.

५ एप्रिल १८८७ रोजी पंपाखाली एका हातावर पाणी आणि दुसऱ्या हातावर त्या पाण्याचे नाव, हे आपण सारे जाणतो. त्याआधीचा महिना मात्र कुणी सांगत नाही. त्या महिन्यात मारामाऱ्या झाल्या, अ‍ॅनचा एक दात पडला आणि दोघी आईवडिलांपासून वेगळ्या, बागेतल्या छोट्या घरात दोन आठवडे राहिल्या. पंपानंतर अ‍ॅनने केलेली गोष्ट त्याहून मोलाची आहे. तिने हेलनला वेळापत्रक लावून शब्द शिकवायचे सोडून दिले. तान्ह्या बाळाशी आई जशी अखंड बोलते तशी ती हेलनच्या हातावर दिवसभर पूर्ण वाक्यांत बोलत राहिली. बाहेर कोण आले, कोण हसले, पाऊस कसा येतोय, जेवताना काय विषय चालला आहे, सगळे सांगितले.

सेमिनरीत आम्ही अ‍ॅरिस्टॉटल वाचला तेव्हा त्याने ज्ञान मिळवण्यासाठी कानांना मोठे स्थान दिल्याचे शिकलो. त्याचा चुकीचा अर्थ लावून पुढच्या कित्येक शतकांनी बधिरांना शिकवायचा प्रयत्नच केला नाही. पण त्याच अ‍ॅरिस्टॉटलने आणि त्याच्यामागून संत थॉमस अक्वायनस यांनी असेही मांडले आहे, की सर्व प्राण्यांत माणसाचा स्पर्श सर्वांत सूक्ष्म असतो आणि माणसाच्या बुद्धीचा त्याच्याशी संबंध आहे. हे पान आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ हेलनचे चरित्र वाचल्यावर उमगला.

हेलन ब्रेल शिकली, बोलायलाही शिकली, जरी तिचे बोलणे परक्यांना नीट कळत नसे. १९०० साली तिने रॅडक्लिफ कॉलेजात प्रवेश घेतला. तिथे शेजारी बसून अ‍ॅन प्राध्यापकांचे व्याख्यान तिच्या हातावर उतरवत असे. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तके रात्री तासन् तास वाचून दाखवत असे, तेही स्वतःच्या अधू डोळ्यांनी. परीक्षेला अ‍ॅनला शेजारी बसू देत नसत. १९०४ साली हेलन सन्मानासह पदवीधर झाली. अंध आणि बधिर असून पदवी मिळवणारी ती पहिली व्यक्ती. आता तिला अहो-जाहो केले पाहिजे!

यापुढे हेलनबाईंचे आयुष्य चार भिंतींत राहिले नाही. नवजात बाळांच्या डोळ्यांत जन्मताच औषधाचे थेंब घातले तर त्यांचे अंधत्व टळते, हे त्यांनी १९०७ साली एका लोकप्रिय महिला-मासिकात उघड लिहिले. बाळाला हा रोग आईवडिलांच्या गुप्तरोगातून होत असल्याने सभ्य घरांत त्याचे नावही कुणी काढत नसे. त्या समाजवादी पक्षात गेल्या. गौरवर्णीय जमीनदारी वातावरणात वाढूनही कृष्णवर्णीयांच्या संघटनेला त्यांनी उघड पाठिंबा आणि देणगी दिली, आणि त्यामुळे घरचे लोक खजील झाले. पोटासाठी काही वर्षे रंगभूमीवर करमणुकीच्या कार्यक्रमांतही त्या उभ्या राहिल्या. १९२४ पासून अंधांसाठीच्या अमेरिकन संस्थेचे काम सुरू झाले. १९२५ साली लायन्स क्लबच्या अधिवेशनात त्यांनी अंधांसाठी झटण्याचे आवाहन केले. आपल्याकडे लायन्सच्या नेत्रशिबिरांत मोतीबिंदू काढून आलेली वडीलधारी मंडळी आहेत, त्यांच्यापर्यंत ते आवाहन पोचले आहे.

त्या कॅथलिक नव्हत्या. स्वीडनबोर्ग या स्वीडिश विचारवंताच्या पंथाचा त्यांच्यावर प्रभाव होता. आणि एका बाबतीत त्यांचे मत आम्हांला मान्य होण्यासारखे नाही. १९१५ साली शिकागोच्या एका डॉक्टरने गंभीर व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळावर शस्त्रक्रिया करायचे नाकारले आणि ते बाळ मेले. हेलनबाईंनी त्या डॉक्टरची बाजू घेतली आणि अशा बाळांच्या बाबतीत डॉक्टरांच्या मंडळाने निर्णय द्यावा असे सुचवले. ज्या मुलीला संस्थेत टाका म्हणत होते, तिनेच हे लिहावे? त्या काळच्या सुशिक्षितांत असल्या विचारांची लाट होती हे खरे. पण कोणाचे जगणे मोलाचे हे ठरवायला मंडळ बसले, की हेलनसारखी मुले त्या मंडळापुढे आधी उभी राहतात. पुढे १९३८ साली दोन्ही डोळ्यांना कर्करोग झालेल्या एका तान्ह्या मुलीचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया करून तिला वाचवावे असा आग्रह धरला. हे वाचून आम्हांला समाधान वाटले.

आता १९१६ सालची गोष्ट. अ‍ॅनबाई आजारी पडल्या, मदतनीस पॉली टॉमसन सुट्टीवर गेल्या. तात्पुरता चिटणीस म्हणून पीटर फेगन नावाचा तरुण पत्रकार आला. तो हाताची लिपी आणि ब्रेल शिकला. दोघांचे प्रेम जमले. हेलनबाई ३६ वर्षांच्या होत्या. लग्नाच्या परवान्यासाठी अर्ज केल्याची बातमी बोस्टनच्या वर्तमानपत्रात आली आणि आईने त्यांना विचारले. त्यांनी घाबरून नाकारले. आईने फेगनला घरातून काढले आणि मुलीला अलाबामात धाकट्या बहिणीकडे नेले. तिथे तो आला तेव्हा मेहुण्याने बंदूक दाखवली. नंतर एका रात्री हेलनबाई सामान बांधून ओसरीवर कुणाची तरी वाट पाहत उभ्या होत्या, असे घरच्यांनीच पुढे सांगितले. कुणी आले नाही.

घरच्यांचे प्रेम खोटे नव्हते. पण पदवीधर, जगप्रसिद्ध, ३६ वर्षांच्या स्त्रीच्या वतीने सगळे ठरवले गेले आणि तिला विचारलेही नाही. ख्रिस्तसभेचा कायदा इथे वेगळे सांगतो. विवाह होतो तो वधूवरांच्या संमतीने. ती संमती देण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. आणि ज्याला बोलता येत नाही त्याने शब्दांऐवजी खुणांनी संमती द्यावी, असे कलम १,१०४ मध्ये स्पष्ट आहे. तसेच ज्याला पापनिवेदनासाठी दुभाषा लागतो त्याला तो घेण्याची मुभा आहे, आणि दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन आहे. हे नियम धूळ खात पडले असतील तर दोष नियमांचा नाही.

अ‍ॅनबाई २० ऑक्टोबर १९३६ रोजी वारल्या. त्यांची जागा पॉलीबाईंनी घेतली आणि त्या दोघी जगभर फिरल्या. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या खाटांशी हेलनबाई बसल्या. १९५५ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांनी आशियाचा सुमारे ४०,००० मैलांचा दौरा केला. त्यात त्या भारतात आल्या, मुंबईत आल्या, दिल्लीत पंडित नेहरूंच्या चेहऱ्यावर बोटे फिरवून त्यांना ओळखून घेतले. मुंबईत १९७७ साली अंध-बधिर मुलांसाठी जी संस्था उभी राहिली तिला त्यांचेच नाव आहे.

पण एवढ्या गोतावळ्यातही मेख होती. १९५७ साली पॉलीबाईंना घरातच झटका आला. दोघीच होत्या. हेलनबाईंना टेलिफोन करता येत नव्हता, हाक मारून उपयोग नव्हता. पोस्टमन येईपर्यंत काही तास त्या तशाच बसून होत्या. पॉलीबाईंना आपल्या जागी दुसऱ्या कुणाला तयार करणे रुचत नसे, असे चरित्रकार लिहितात. जगात लाखो चाहते, पण त्या दुपारी तळहातावर एक वाक्य लिहू शकणारे कुणीही हाकेच्या अंतरावर नव्हते. आमच्या मते या चरित्रातला सर्वांत विचार करायला लावणारा प्रसंग हाच आहे. एकच हात धरून माणूस समाजात येत नाही. तो एका माणसाचा होतो, आणि ते माणूस गेले की पुन्हा एकटा पडतो.

आपल्या धर्मग्रामात अंध-बधिर कुणी नाही, असे वाटेल. वयोवृद्धांच्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन जाताना आम्हांला वेगळे दिसते. मोतीबिंदू किंवा काचबिंदूने नजर गेली, कान पंचाऐंशीव्या वर्षी बंद झाले, आणि सून-मुलगा चांगले असूनही आजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. त्यांना कुणी अंध-बधिर म्हणत नाही, वय झाले म्हणतात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अंध-बधिरतेचा स्वतंत्र उल्लेख आला आहे, हे घरच्यांच्या गावीही नसते.

आणि रविवारी काय होते पाहा. मिस्सामध्ये शांती देण्याची वेळ आली की आपण हात जोडून, मान लववून शेजाऱ्याला शांती देतो. ही आपली सुंदर रीत आहे. पण ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही त्याला शांती मिळाली हे कळतच नाही! त्याच्यापुरता तो क्षण येऊन निघून जातो. अशा माणसाचे हात आपल्या हातात घेतले तर काही बिघडत नाही. जवळ जाताना अचानक पकडू नये, आधी खांद्यावर हात ठेवून थोडे थांबावे. आपण कोण ते कळावे म्हणून एक ठराविक खूण ठेवावी, अंगठी किंवा घड्याळ चाचपू द्यावे. ज्यांनी पूर्वी लिहिणे-वाचणे केले आहे त्यांच्या तळहातावर तर्जनीने मोठी मोठी अक्षरे काढली, एकावर एक, प्रत्येक शब्दानंतर थांबून, तर पुष्कळदा कळते. आजींना मराठी अक्षरेच काढावीत. त्यासाठी शिक्षण लागत नाही, वेळ लागतो. निघताना निघतो आहे हे सांगून निघावे, नाहीतर ते माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. आणि हे एकाच सुनेवर किंवा एकाच धर्मभगिनीवर सोडू नये. युवक मंडळातली चार-पाच मुले, प्रत्येक वाडीतली दोघे-तिघे, एवढ्यांना एका आजीशी बोलता येऊ लागले, तरी तिला पुन्हा सणाची, लग्नाची, शेजारच्या बारशाची बातमी वेळेवर मिळेल. ज्यांच्या घरी असे कुणी आहे त्यांनी मिस्सानंतर सॅक्रिस्टीत आम्हांला भेटावे.

पॉलीबाई १९६० साली गेल्या. त्यानंतर त्यांच्या शुश्रूषेला आलेल्या विनी कॉर्बली या परिचारिकेने हेलनबाईंची सोबत केली. त्या हसतखेळत राहणाऱ्या होत्या आणि हेलनबाईंना त्यांच्याबरोबर फिरायला, खायला मोठी मौज वाटे. १ जून १९६८ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या ईस्टन येथील घरी, ८८ वा वाढदिवस काही आठवड्यांवर असताना, झोपेतच त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये अ‍ॅन आणि पॉली यांच्या शेजारी ठेवली आहे. तिथे भिंतीवर धातूचा एक लहान फलक आहे. त्यावरचा मजकूर ब्रेलमध्येही उठवलेला आहे, आणि येणारे लोक त्यावरून बोटे फिरवतात.